उचंत खातं

बँकेत छत्तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात सोसायटीने मला खजिनदार केलं. निवडणूक वगैरे झाली नाही. सभेला पोचायला मला दहा मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात उरकलं. तेव्हापासून आमच्या इमारतीतली माणसं मला नावापेक्षा सदनिकेच्या नंबराने जास्त आठवतात. चार नंबर पैसे वेळेवर भरतात. अकरा नंबरही भरतात, पण आधी भांडतात. सात नंबरचा मुलगा अमेरिकेतून परस्पर पैसे पाठवतो आणि वर निरोप असतो, 'काका, पावती नको.' पावती नको म्हणणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यामुळे त्याच्याबद्दल मला आदर वाटतो आणि थोडा संशयही.

आमची सोसायटी कोथरूडातली, १९८४ची. बारा बिऱ्हाडं, पाण्याची एक मोटर, आणि फाटकातून आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला एक काटेसावर. मोटर सोसायटीची आहे हे सगळ्यांना मान्य आहे, कारण ती बिघडते. सावर कोणाची, हा प्रश्न मात्र चाळीस वर्षांत कोणी काढला नव्हता. ती आमच्या आधीपासून तिथे आहे. बिल्डरने ती कशी ठेवली कोणास ठाऊक. खोडावर बोटाच्या पेराएवढे काटे आहेत. तोडणाऱ्याने एकदा हात लावून पाहिला असेल आणि 'उद्या बघू' म्हणाला असेल, असा माझा अंदाज आहे. पुण्यातली पुष्कळ झाडं या 'उद्या बघू'वरच जगली आहेत.

वर्षातले आठ महिने ही सावर कोणाच्या अध्यात ना मध्यात. पावसाळ्यात हिरवी असते, थंडीत पानं टाकते, आणि जानेवारीच्या शेवटी त्या उघड्या फांद्यांवर कळ्या धरतात. फेब्रुवारीत झाड पेटतं. पान म्हणून नाही, नुसती तळहाताएवढी लाल, मांसल फुलं. पाकळी पाकळी गळण्याइतकी ती हळवी नाहीत. अख्खं फूल सुटतं आणि चौथ्या मजल्याच्या उंचीवरून खाली येतं. जमिनीवर पडलं तर 'धप्प' होतं, गाडीच्या टपावर पडलं तर चार नंबरांचा आवाज होतो. फुलाच्या पेल्यात गोड चिकट रस असतो, तो काचेवर सांडतो, त्यावर धूळ बसते. मार्च सरता सरता फुलं थांबतात, लोक हुश्श म्हणतात, तोवर बोंडं तडकतात आणि कापूस सुटतो. तो गॅलरीच्या जाळीतून येतो, कूलरमधून येतो, आणि माझ्या माहितीत एकदा अकरा नंबरच्या आमटीतूनही आला आहे.

गेल्या सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. जमाखर्च मंजूर झाला, चहा आला, आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' सुरू झाले. चार नंबर उभे राहिले. त्यांनी नवीन पांढरी गाडी घेतली आहे. म्हणाले, "हे झाड आपल्याला देतं काय? खर्च दिसतो, उत्पन्न कुठंय? खजिनदारांनी हिशेब मांडावा, मग ठेवायचं की काढायचं ते सभेने ठरवावं." 'हिशेब' हा शब्द कानावर पडला की माझी मान आपोआप हलते. ती हलल्याची नोंद इतिवृत्तात झाली.

मी घरी येऊन नवी वही केली. एका पानावर नावे, समोरच्या पानावर जमा. नावेची बाजू एका बैठकीत भरली. हंगामात झाडूवाल्या मावशींना जादा पैसे, गच्चीवरच्या पन्हळी दोनदा साफ करणं, टाकीवरची जाळी, झाडाखालची फरशी घासायला आलेला मजूर. एकूण ११,४०० रुपये वार्षिक. जमेच्या पानावर मात्र पेन टेकून मी बसून राहिलो. शेवगा असता तर शेंगा लिहिल्या असत्या. नारळ असता तर नग मोजले असते. सावरीचं लाकूड हलकं, काड्यापेटीच्या कामाचं. जळणालासुद्धा कोणी विचारत नाही. सावलीही हिची ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला गायब असते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मे महिन्यात बायकोने हिचा कापूस गोळा करून, सरक्या निवडून, एक उशी भरली होती. त्या उशीवर मी अजून झोपतो. किंमत २५० रुपये धरली. त्यातून घसारा वजा केला तर उशीच वजा झाली.

मग पुतण्याने मोबाइलवर एक बातमी काढून दिली. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या पुलांसाठी ३५६ झाडं तोडायची होती, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली झाडाची किंमत काढून दिली : वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचं वय. त्यात ४५,००० एकट्या प्राणवायूचे, २०,००० सेंद्रिय खताचे. माझा जीव भांड्यात पडला. सावर सोसायटीइतकी तरी जुनी आहेच, म्हणजे एक्केचाळीस वर्षं. गुणाकार केला : ३०,५४,५०० रुपये. बायकोला आकडा वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, म्हणजे तुमच्या फंडापेक्षा जास्त." तिच्या स्वरात झाडाबद्दलचं कौतुक होतं, असं मी समजून घेतलं.

जिन्यात चार नंबर भेटले, त्यांनाही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "प्राणवायूचं बिल मला तरी आलेलं नाही." मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण आकडा मलाही पटत नव्हता. समितीने पुष्कळ दिलं, तक्रार नाही. पण सगळी किंमत श्वासाची आणि शेणखताची. आजोबांची किंमत त्यांच्या पेन्शनवरून काढावी तसं काहीतरी ते झालं होतं. काही घरांत काढतातही, पण निदान वहीत लिहीत नाहीत.

वाचायला लागलो तसं कळलं, की या अडचणीत मी एकटा नाही, जगभरचे मोठे मोठे लोक अडकलेले आहेत. १९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि मंडळींनी साऱ्या पृथ्वीचाच हिशेब मांडला. निसर्ग वर्षाला सुमारे ३३ लाख कोटी डॉलरचं काम करतो, असं त्यांचं उत्तर आलं. त्यात विरंगुळ्याचं आणि संस्कृतीचंही कलम घातलेलं होतं, हे वाचून मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले. पुढे २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली शेकडो शास्त्रज्ञांनी एक जंगी अहवाल काढला, मिलेनियम इकोसिस्टिम असेसमेंट नावाचा. त्यात निसर्गाच्या देण्याचे चार गट पाडले. अन्नपाणी-लाकूडफाटा हा एक. हवा, पूर, रोगराई आवरून धरण्याचा दुसरा. माती घडवण्यासारखी तळातली कामं तिसरा. आणि चौथा, ज्याला धरायला हात नाही असा : सौंदर्य, श्रद्धा, विरंगुळा, आठवणी, आपण इथले आहोत ही भावना. या चौथ्याला त्यांनी 'सांस्कृतिक सेवा' म्हटलं. 'सेवा' म्हटलं की मला पाठोपाठ सेवाशुल्क आठवतं, तो माझ्या नोकरीचा दोष. पण पुढच्या शास्त्रज्ञांनाही हा शब्द खटकला असावा, कारण अलीकडे ते 'निसर्गाचं माणसाला योगदान' असं म्हणतात आणि या गटाला अभौतिक म्हणतात. शब्द बदलला, अडचण तीच राहिली. आलं आहे हे दिसतं, पण कशापोटी आलं आणि कोणाच्या नावावर टाकायचं, हे कळत नाही.

बँकेत याची सोय असते. रक्कम आली हे नक्की, पण कोणाची, कशाची, हे कळत नसेल तर ती उचंत खात्यात टाकायची. तिथे टाकली की त्या दिवसाचा ताळा जुळतो आणि माणूस घरी जातो. तालुक्याच्या एका शाखेत मी असताना उचंत खात्यात ३१२ रुपये ४० पैसे पडून होते. आधीच्या चार मॅनेजरांनी ते एकमेकांना वारशासारखे दिले होते. दर वर्षी तपासणीला साहेब यायचे, त्या रकमेखाली लाल रेघ मारायचे, 'त्वरित निकालात काढा' असं लिहायचे आणि बटाटेवडा खाऊन जायचे. मी बदलून गेलो तेव्हा रक्कम तिथेच होती. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, पण जीव थोडा त्या तीनशे बारा रुपयांत अडकला. इतक्या वर्षांत शाखेतली माणसं बदलली, फर्निचर बदललं, व्याजदर बदलले. तेवढी एकच नोंद कोणाच्या ताब्यात न जाता जशीच्या तशी राहिली होती.

फेब्रुवारी उजाडला तसा मी पुरावा गोळा करायला गॅलरीत खुर्ची टाकली. हेतू अगदी कोरडा होता. रोज किती फुलं पडतात, त्यातली कोणाच्या गाडीवर किती, एवढंच मोजायचं. १७ तारखेला सकाळी साडेसहा ते आठ, एकसष्ट फुलं. पैकी नऊ चार नंबरच्या गाडीवर. १८ला अठ्ठावन्न. १९ला पस्तीसपर्यंत मोजली आणि तेवढ्यात एक शिंजीर समोरच्या फांदीवर येऊन बसला. अंगठ्याएवढा जीव, उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. तो फुलाच्या पेल्याशी काय काय करत होता ते बघताना आठ कधी वाजले ते कळलं नाही. वहीत १९ तारखेपुढे 'अंदाजे साठ' असं लिहिलेलं आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी 'अंदाजे' हा शब्द कधी लिहिला नव्हता.

सकाळी झाडावर जी गर्दी होते तिला टोकन नसतं, तरी क्रम असतो. पहिल्यांदा कावळे. ते पेल्यात तोंड खुपसतात आणि कपाळाला परागांचा टिळा लावून, नुकते देवळातून आल्यासारखे बाहेर येतात. मग साळुंक्या, बुलबुल, मधूनच एखादा पोपट, जो पितो कमी आणि नासतो जास्त. कोतवाल शेंड्याला बसून देखरेख करतो; त्याला मी आमच्या जुन्या हेडकॅशियरचं नाव दिलं आहे, ते इथे सांगत नाही. खारी उलट्या लटकून जेवतात. आणि मग अचानक, एका वेळी शंभर-दीडशे भोरड्या उतरतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियातून हिवाळ्यापुरत्या आपल्याकडे येतात आणि एप्रिलच्या सुमाराला परत जातात. इतक्या लांबून आल्या म्हणून काही भारावलेल्या वगैरे नसतात. लग्नाच्या पंगतीत वरपक्ष बसावा तशा बसतात, सगळ्या एकदम बोलतात, आणि कोणाचं काही न ऐकता एकदम उठून जातात. चार नंबरांची यांच्याविरुद्ध वेगळी लेखी तक्रार आहे, आवाजाची. ती मी फाइलला लावली आहे.

पंधरा दिवसांनी बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली पेपरशी भांडत नाही." खरंच होतं. सकाळचा पेपर मी साडेआठनंतर वाचत होतो आणि तोवर त्याच्याशी भांडण्याइतका जोर उरत नव्हता. मी तिला इंग्लंडमधल्या एका पाहणीची माहिती दिली. सुमारे २०,००० लोकांना विचारून २०१९ साली त्यांनी मांडलं, की आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक, अजिबात न घालवणाऱ्यांपेक्षा, स्वतःची तब्येत आणि मन बरं आहे असं जास्त प्रमाणात सांगतात. मग ती मिनिटं एका दमात घालवा नाहीतर हप्त्याहप्त्याने. हप्त्याची सोय आहे म्हटल्यावर मला ते लगेच पटलं. पण झाडाजवळ बसून बरं वाटतं, की बरं वाटणारेच झाडाजवळ जाऊन बसतात, हे नुसत्या अशा पाहणीतून ठरत नाही, हेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही बसलात ना? मग झालं."

गॅलरीतून फुलांबरोबर माणसंही दिसतात, आणि वहीचा घोटाळा खरा तिथून सुरू झाला.

दोन नंबर आणि अकरा नंबर सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण पार्किंग. दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी लागतात, आणि सावर दोघांवर समान वाटप करते. २२ तारखेला दोघे एकाच वेळी खाली आले, कमरेवर हात ठेवून दोघांनी वर पाहिलं. दोन नंबर झाडाला म्हणाले, "काय वैताग आहे." अकरा नंबर झाडालाच म्हणाले, "यंदा जास्तच आहे." आठवडाभर हे असं झाडामार्फत चाललं. मग एकदा दोन नंबरांनी आपल्या बादलीतलं उरलेलं पाणी न विचारता अकरा नंबरच्या काचेवर ओतलं. मी वरून पाहत होतो. पार्किंगचा वाद मिटलेला नाही, मिटेल असंही दिसत नाही. पण शिव्या घालायला दोघांना एक तिसरा मिळाला, आणि तिसरा असा, की जो उलटून बोलत नाही. हे वहीत कुठे लिहायचं? 'सलोखा' म्हणावा तर खोटं ठरेल.

पाच नंबरची मुलगी बारावीला. टेबल खिडकीशी, खिडकीसमोर सावर. तिच्या आईने टेबल ओढून भिंतीकडे तोंड करून लावलं होतं, कारण 'सारखी बाहेर बघत बसते'. चार दिवसांनी टेबल पुन्हा खिडकीशी दिसलं. मुलीनेच ओढलं होतं. आई माझ्याकडे दाद मागायला आली. का, ते विचारू नका; खजिनदाराकडे लोक काहीही घेऊन येतात. मी तिला मिशिगनच्या रेचेल आणि स्टीफन कॅपलान या नवराबायकोचं म्हणणं सांगितलं. ते दोघे मानसशास्त्रज्ञ. ते म्हणतात, मुद्दाम लावून धरलेलं लक्ष स्नायूसारखं थकतं. पानं हलताना, ढग सरकताना आपण बघतो ते लक्ष वेगळं. ते लावावं लागत नाही, आपोआप लागतं, आणि तेवढ्यात थकलेलं दुसरं लक्ष विसावा घेतं. आई म्हणाली, "ते मिशिगनचे आहेत. त्यांच्याकडे सीईटी नसते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेबल मात्र खिडकीशीच राहिलं.

सहा नंबरांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट मला त्यावरून आठवली. पित्ताशय आणि झाड यांचा संबंध मी जोडत नाही, तो १९८४ सालीच जोडला गेला आहे. आमची इमारत पुरी होत होती त्याच वर्षी. अमेरिकेत रॉजर उलरिख नावाच्या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ची जुनी कागदपत्रं काढली. पित्ताशय काढलेल्या रोग्यांच्या त्याने तेवीस जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना वेदनेवरची जबर औषधं कमी लागली. सेहेचाळीस माणसं म्हणजे काही फार नव्हेत. एवढ्या आकड्यावर मी कोणाला कर्ज दिलं नसतं. तरी मला ती गोष्ट आतून पटली, कारण एका शाखेत माझं टेबल सात वर्षं भिंतीकडे तोंड करून होतं. त्या भिंतीवरचा ओलीचा डाग मी अजून कागदावर काढून दाखवू शकेन. सहा नंबरांना मी उत्साहाने हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझं दुर्बिणीतून झालं. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. खिडकी कुठल्या बाजूला होती हेसुद्धा मी बघितलं नाही."

नऊ नंबरच्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना आता दिसत फार कमी, आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. सून खुर्ची गॅलरीत ठेवते, आजी ऐकत बसतात. एक दिवस पोस्टाच्या कागदावर सही घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "सावर लागली का रे पडायला?" मी हो म्हटलं. "मग शिमग्याला फार दिवस नाहीत." कॅलेंडर पाहिलं, खरंच नव्हते. त्यांचं गाव वरसगावच्या धरणात गेलं. घराच्या मागे ओढा होता, ओढ्याच्या काठी सावर होती. ती आता पाण्याखाली. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगावं तसं. मग एक गोष्ट सांगितली, महाभारतातली, शांतिपर्वातली. एक शाल्मली, म्हणजे ही सावरच, नारदापाशी बढाई मारते की वारासुद्धा माझं पान हलवू शकत नाही. नारद ते वायूच्या कानावर घालतो. वायू म्हणतो, उद्या येतो. रात्रभर घाबरून शाल्मली स्वतःच आपली फुलं, पानं, फांद्या टाकून देते, आणि सकाळी वायू येतो तेव्हा त्याला करायला काही उरत नाही. "म्हणून ती अजून थंडीत पानं टाकते," आजी म्हणाल्या. ही शेवटची भर त्यांची स्वतःची असावी. तपासणीच्या आदल्या रात्री आम्हीही शाखेत हेच करत असू, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांच्या कुंडलीत ज्येष्ठा नक्षत्र आहे, आणि पंचांगाच्या हिशेबात ज्येष्ठाचा आराध्यवृक्ष सावर. सुनेने हे मला दारात हळूच सांगितलं. "झाडाचं काय ते ठरवाल तेव्हा आईंना कळू देऊ नका." मी म्हटलं, "अहो, फुलं पडायची थांबली की त्यांना आपोआप कळेल." ती काही बोलली नाही. मी सही घेऊन खाली आलो. जिन्यात लक्षात आलं की सही चुकीच्या कागदावर घेतली होती.

फाटकाबाहेर एक रिक्षावाले थांबतात, वर्षानुवर्षं त्याच जागी. फेब्रुवारीत तिथे टिपूस सावली नसते. पलीकडे वीस पावलांवर विलायती शिरिषाची गर्द सावली आहे. मी विचारलं, इथेच का थांबता? त्यांनी वर पाहिलं, मग रिक्षाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "इथंच थांबतो." चौकशी तिथे संपली. बँकेत यापेक्षा कमी खुलाशावर मी कर्जं मंजूर होताना पाहिली आहेत.

आणि सात नंबर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतून मुलाचा व्हिडिओ कॉल आला, आईला नव्हे, मला. मला वाटलं पैशाचं काही असेल. म्हणाला, "काका, जरा फोन गॅलरीत न्या ना. आईचा हात हलतो, नीट दिसत नाही." मी फोन नेला. तो काही बोलला नाही, नुसता बघत होता. तिकडे रात्र होती, खिडकीबाहेर बर्फ. खाली एक फूल धप्पकन पडलं. तो म्हणाला, "आवाज आला!" आणि इतका खूश झाला की मला फोन बंद कसा करावा कळेना. लहानपणी ही फुलं क्रिकेटच्या चेंडूसारखी फेकून त्याने माझीच काच फोडली होती. फुलाने काच फुटते यावर तेव्हा त्याच्या वडिलांचा विश्वास बसला नव्हता, आणि भरपाई राहून गेली. ती बाकी मी अजून सोडलेली नाही. पण त्या दिवशी काढली नाही.

मार्चअखेरीस खास सभा बोलावली. मी वही घेऊन उभा राहिलो. नावे ११,४००, जमा एक उशी. बाकीचं कसं सांगावं याची चार दिवस तयारी केली होती, दोन-तीन बरी वाक्यंही सुचली होती. पण त्याआधी सचिवांनी कायद्याचा कागद वाचला. महाराष्ट्रात झाडांविषयीचा कायदा १९७५चा, त्यात २०२१ साली दुरुस्त्या झाल्या. झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं निघालं तर ते वारसावृक्ष ठरतं आणि मग ते तोडायची परवानगी मिळवणं आणखी अवघड. तेवढं जुनं नसलं तरी तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावून ती जगवावी लागतात.

सभेत शांतता पसरली. अकरा नंबरांनी विचारलं, "म्हणजे एक्केचाळीस?" सचिव म्हणाले, "किमान." "लावायची कुठे?" सगळ्यांनी एकाच वेळी पार्किंगकडे पाहिलं. दोन नंबर म्हणाले, "माझ्या जागेत एकही नाही." अकरा नंबर म्हणाले, "यांच्या जागेत नाही म्हणजे माझ्या जागेत येणार." पाच मिनिटांत ठराव बारगळला. सावर वाचली ती पार्किंगच्या जोरावर. माझी बरी वाक्यं तशीच खिशात राहिली. चार नंबरांनी तेवढी नाराजी इतिवृत्तात नोंदवून घेतली, दुसऱ्या दिवशी गाडीला कव्हर आणलं, आणि वर्गणी नेहमीप्रमाणे वेळेत भरली. माणूस पक्का आहे.

मे महिन्यात लेखापरीक्षण झालं. सीएंच्या ऑफिसातून शिकाऊ मुलगा आला होता, विशीतला. माझ्या गॅलरीत टेबल मांडून, लॅपटॉप उघडून बसला. बोंडं तडकली होती, कापूस तरंगत होता. मोटरदुरुस्तीची बिलं, विजेची बिलं, सगळं त्याने पटापट बघितलं. मग एका ओळीवर थांबला.

"काका, उचंत खात्यात एक नोंद आहे. 'काटेसावर, जमा.' पुढे रक्कमच नाही."

"नाही."

"किती लिहू?"

"मलाही कळलेलं नाही. म्हणून तर उचंतात टाकलीय."

"पण मग हे टॅली कसं होतंय?"

"रक्कम नाही ना, म्हणून होतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. शेरा लिहायला बोटं कळांवर ठेवली. कळांवर कापूस साचला होता. तो त्याने फुंकला. कापूस उडाला, पंख्याच्या वाऱ्यात गरकन फिरला आणि पुन्हा तिथेच येऊन बसला.